पाळण्याला बांधलेलं घड्याळ

घड्याळ पाळण्याच्या दोरीला बांधायचं, हे उत्तरानं भाकर भाजता भाजता ठरवलं. भाकर तव्यावर टाकली तेव्हा तो विचार डोक्यात नव्हता, आणि ती उलटवेपर्यंत पक्का झाला होता. (भाकर त्या गडबडीत करपली. ती पुढे मनोहररावांच्या ताटात गेली. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली, कारण ते कचेरीत कारकून होते आणि वरून जे येईल ते गिळायची त्यांना सवय होती.)

पण ते घड्याळ घरात आलं कसं, हे आधी सांगायला हवं. नाहीतर सगळा दोष उत्तराच्याच पदरात पडायचा. (शेवटी तो पडणारच आहे, पण निदान क्रमानं पडावा.)

त्या साली श्रावण अधिक आला होता. म्हणजे धोंड्याचा महिना. धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यानं जावयाला वाण द्यायचं, अनारसे खाऊ घालायचे आणि मागचे सगळे रुसवे त्या तुपात बुडवून टाकायचे, अशी रीत. उत्तराचे वडील बाबाराव काटोलकडचे, संत्र्याचे बागाईतदार. दुसरे सासरे धोतरजोडा देतात, फार तर चांदीचं निरांजन. पण आपला जावई नागपुरात सेक्रेटरिएटमध्ये नोकरीला. निरांजन घेऊन तो काय कचेरीत आरती करणार आहे, असा विचार करून बाबाराव थेट सीताबर्डीला गेले.

तिथे एका दुकानाच्या काचेआड पाण्यानं भरलेलं मोठं काचेचं भांडं ठेवलं होतं. त्यात दोन तांबडे मासे, आणि तळाशी एक मनगटी घड्याळ खुशाल चालत पडलेलं. बाहेर ही गर्दी. मासे घड्याळाकडे पाहत होते, लोक माशांकडे पाहत होते, आणि बाबाराव लोकांना कोपरानं बाजूला सारत होते. दुकानदारानं त्यांना गादीवर बसवून सगळं समजावून दिलं. घड्याळाचे आजवर दोन वैरी. एक पाणी आणि दुसरा माणसाचा विसराळूपणा. पाणी आत जाऊ नये म्हणून विलायतेच्या लोकांनी पुष्कळ वर्षं खटपट केली आणि त्याची पाठ बरणीच्या झाकणासारखी आटे पाडून गच्च बसवली. आणि माणूस किल्ली द्यायला विसरतो, म्हणून रोज किल्ली द्यायचं कामच काढून टाकलं. आत एक वजन बसवलं. मनगट हललं की ते फिरतं, आणि ते फिरलं की आतली पोलादी पट्टीची कमान आपोआप आवळली जाते.

"म्हणजे बैल चालला की मोट चालते," बाबाराव म्हणाले.

"अगदी तसंच," दुकानदार म्हणाला.

या व्यवहारात बैल कोण, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

मनोहरराव तसे गरीब स्वभावाचे. पण घड्याळ मनगटावर चढलं आणि त्यांचा स्वभाव बदलला. घरी कोणीही येवो, चहा नंतर, आधी लोटा. लोट्यात पाणी भरायचं, घड्याळ त्यात सोडायचं आणि पाहुण्याला म्हणायचं, "कान लावून पाहा." पाहुणा कान लावायचा. घड्याळ कोरडं निघायचं आणि पाहुण्याचा कान ओला.

उत्तराच्या सासूनं, रुखमाबाईनं, एकदा सोसलं, दुसऱ्यांदा सोसलं. तिसऱ्यांदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मनोहर, त्याचा पट्टा कायचा हाय गा?"

"चामड्याचा, माय."

"आन लोटा?"

"लोटा पितळेचा."

"लोटा देवाच्या पान्याचा हाय."

एवढंच बोलून तिनं तो लोटा परसात नेला, राखेनं घासला, निखाऱ्यावर तापवला आणि पुन्हा घासला. तेव्हापासून घड्याळाचा लोटा वेगळा झाला. (त्या घरात रुखमाबाईच्या देखत वेगळं व्हायची हिंमत आजवर दुसऱ्या कोणाची झाली नव्हती.)

पाण्याशी घड्याळाचं असं चांगलं जमलं. हालचालीचं मात्र जमेना. कारकुनाचं मनगट टेबलाला टेकलेलं. हलायचं ते लेखणीचं टोक, आणि तेही साहेब पाहत असला तर. रविवारी दुपारी मनोहरराव जेवून जे डाव्या कुशीवर पडायचे ते घड्याळाला अंगाखाली घेऊनच. सोमवारी घड्याळही त्यांच्यासारखंच निपचित. कचेरीत उशीर झाला. हेडक्लार्कनं आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग मनोहररावांच्या मनगटाकडे. त्यानंतर ते टेबलाखाली हात हलवत बसू लागले. चार दिवसांनी साहेबानं बोलावून घेतलं आणि मोठ्या मायेनं विचारलं, की घराण्यात कोणाला कंपवात आहे काय.

घड्याळ कोनाड्यात गेलं. सासऱ्यांना कळवायची सोय नव्हती. जावई आळशी आहे, हे आजवर फक्त बायकोला माहीत होतं. आता ते विलायती यंत्रानंही सांगितलं असतं.

आणि त्याच सुमारास उत्तराला नर्सबाई भेटल्या.

उत्तराचा मुलगा तेव्हा नुकता कुशीवर वळू लागला होता. नाव कवडू. हे नाव हौसेनं ठेवलेलं नव्हतं. त्याच्या आधीची मुलगी रांगायला लागण्याच्या आत गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा रुखमाबाईनं त्याला सुइणीच्या ओटीत घातलं, एका कवडीला विकलं, आणि परक्याचं लेकरू म्हणून पुन्हा सांभाळायला घेतलं. यमाला वाटावं, हे या घरचं नव्हे. यम फसला असेल नसेल, पण उत्तरा काही फसली नाही. ते आपलंच आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून ती चोवीस तास धास्तावलेली. तो झोपला की नाकाशी बोट धरून श्वास पाहायची. जागा झाला की का जागा झाला म्हणून घाबरायची. शिंकला की तिच्या अंगाला घाम. हडकुळा दिसतो असं कोणी म्हटलं की दोन दिवस जेवण जायचं नाही.

अशा आईला धीर द्यावा की नियम द्यावा? धंतोलीत लहान मुलांचा एक दवाखाना नवा निघाला होता. तिथल्या नर्सबाईंनी नियम दिला.

"रडला की पाजता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तुम्ही त्याला वळण लावताय की तो तुम्हाला? तीन तासांनी पाजायचं, घड्याळ पाहून. मध्ये रडला तर रडू द्यायचं. पोट सुधारतं, वजन वाढतं. घरी घड्याळ आहे ना?"

"आहे," उत्तरा म्हणाली. बाकावर बसलेल्या बाकीच्या बायांनी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिला राहवलं नाही. "पाण्यातही चालतं," ती म्हणाली.

घरी आल्यावर रुखमाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तीन तासानं? देव हाय का तो, नेमानं निवद घ्यायले?"

"आत्याबाई, शास्त्र आहे ते."

"असन माय. तू सातवी शिकली. मी का शिकली?"

उत्तरानं कोनाड्यातलं घड्याळ काढून आपल्या हातात बांधलं. आणि काय सांगावं, जे घड्याळ मनोहररावांच्या हातात आचके देत होतं ते उत्तराच्या हातात घोड्यासारखं दौडू लागलं. दळण, ताक, धुणं, सारवण, लेकराचं तेलमालिश, त्याची आंघोळ. आतल्या वजनाला क्षणाची उसंत नव्हती. आणि पाण्याची तर भीतीच नाही. मनोहररावांनी दोन दिवस त्या चालत्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग ते पाहायचं सोडून दिलं. (स्वतःच्याच घरात दोन प्रकारच्या हातांचा असा लेखी नसलेला पुरावा फिरताना पाहणं कोणालाही जड जातं.)

कवडू पहिले दोन दिवस फार रडला. उत्तरा काट्याकडे पाहत दाताखाली पदर धरून बसायची. तिसऱ्या दिवशी रडणं कमी झालं. चौथ्या दिवशी तर मध्ये ब्र नाही. वेळ झाली की उत्तरा त्याला उचलायची आणि तो शहाण्यासारखा प्यायचा. कधी कधी तर भूकच नसल्यासारखा, उपकार केल्यासारखा. वजनही वाढलं. उत्तरानं वडिलांना कळवलं, नर्सबाईंना सांगितलं, शेजारच्या प्रयागबाईला तर तिनं न विचारता सांगितलं.

"घड्याळाचं वळण लागलं बाई त्याला. आता आपोआप कळतं."

रुखमाबाई वाती वळत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एक दिवस घड्याळाची कड कवडूच्या गालाला लागली. ओरखडा म्हणावा तर ओरखडा, नाहीतर नुसती रेघ. पण उत्तराला रात्रभर तीच रेघ दिसत राहिली. घड्याळ हातात ठेवावं तर लेकराला लागतं. काढून ठेवावं तर बंद पडतं. त्याला हालचाल पाहिजे, सतत पाहिजे, आणि लेकराला न लागता पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकर तव्यावर असताना, तिच्या नजरेसमोर पाळणा आला. घरात तिच्या हाताखालोखाल कोण हलतं? पाळणा. मग पाळण्यालाच घड्याळ बांधलं तर लेकराला झोका आणि घड्याळाला चावी, एका दोरीत दोन कामं होतील.

इतकी साधी गोष्ट विलायतेच्या लोकांना सुचली नाही, याचं तिला नवल वाटलं. तिनं पट्टा दोरीला गच्च बांधला, लाकडी पोपटांच्या खेळण्याच्या वर, डोळ्यासमोर येईल असा. त्या दिवशी घड्याळ चाललं. रात्रीही चाललं. (आधीच्या दिवसांत तिच्या हातानं भरून ठेवलेलं ते खर्च करत होतं, हे तिला कोण सांगणार?)

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच रुखमाबाई आळीतल्या बायांबरोबर रामटेकला गेली. अधिक मासात तिथल्या अंबाळा तळ्याचं स्नान. जाताना पाळण्यापाशी दोनदा थांबली, काही बोलावं असं तिच्या मनात दिसलं, पण बोलली नाही. एवढंच म्हणाली, "सांभाळजो वं लेकराले."

"मी आहे ना," उत्तरा म्हणाली.

मनोहरराव कचेरीत गेल्यावर दहा वाजता तिनं कवडूला पाजलं. म्हणजे आता एक वाजता. तो झोपला, ती कामाला लागली. आभाळ गच्च भरलेलं, अंगणात ऊन नाही की सावली नाही.

मग तो उठला आणि रडू लागला. उत्तरानं घड्याळाकडे पाहिलं. बाराच्या थोडं पुढे. अजून पाऊण तास. तिनं पाळण्याला झोका दिला. तो रडत राहिला, ती झोका देत राहिली. बऱ्याच वेळानं पाहिलं तर काटे तिथेच. बंद तर नाही पडलं? तिनं घाईनं दोरी सोडून घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं. टिक, टिक, टिक. बारीक काटा डोळ्यादेखत पुढे सरकत होता. चालू आहे. तिनं ते पुन्हा बांधलं.

इथेच सगळा घात झाला. उपाशी घड्याळाला हातात घेतलं, हलवलं, की ते दोन घटका धुगधुगी धरतं. उत्तरा कानाला लावायची तेव्हा ते चालायचं, आणि पुन्हा दोरीला बांधलं की मुकाट निजायचं. नवऱ्यानं साहेबाची हाक ऐकली की हातात लेखणी धरावी आणि साहेबाची पाठ फिरली की डुलकी घ्यावी, त्यातली ही तऱ्हा. तिनं किती वेळा ते सोडलं आणि कानाला लावलं, आणि दर वेळी ते इमानदारीनं बोललं.

काळजीत वेळ जात नाही म्हणतात, ते हेच असं तिला वाटलं. मधेच गिरणीचा भोंगा झाला. उत्तरा दचकली. आज भोंगा लवकर कसा? भोंगा वाजवणाऱ्या माणसाच्या हातून चूक झाली असेल, असं तिनं ठरवलं. बिचारा कोळशाच्या धुरात उभा राहून दोरी ओढणार. त्याच्याजवळ कुठलं असलं घड्याळ?

कवडूचा आवाज आता बसू लागला होता. मुठी चोखत होता, पाय झाडत होता. प्रयागबाई पदराला हात पुसत आत आली.

"काहून रडून राहिला वं? कवाचा आयकून राहिली मी."

"काय होतंय कळत नाही."

"पाजलं का?"

"अजून वेळ नाही झाली."

उत्तरानं हे इतक्या ठामपणे सांगितलं की प्रयागबाईनं भूक हा विषयच सोडून दिला. सातवी शिकलेली बाई, हाताशी घड्याळ. ती म्हणते वेळ झाली नाही तर झाली नसेल. मग उरलं पोट. हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती फिरवला. कवडू रडतच होता. मग दृष्ट. मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकली, ती नको तितकी तडतडली आणि तिघींनी तोंडाला हात लावला. (तिसरी कोण, कधी आली, उत्तराला आठवत नाही. तोवर ओसरीवर अर्धी आळी जमली होती.)

"कानात मुंगी गेली असन."

"माह्या भाच्याले असंच झालतं, मंग..." आणि ती बाई पुढचं न बोलता गप्प बसली.

ते न बोललेलं उत्तराच्या काळजात गेलं. पहिली मुलगीही अशीच एका दुपारी रडत होती, आणि रडता रडता तिचा आवाज असाच बारीक झाला होता. उत्तरानं लेकराला छातीशी धरलं, तो तोंड घासू लागला, पदर ओढू लागला. तिनं त्याचं तोंड बाजूला केलं. आजारी मुलाला अवेळी पाजून आणखी काही झालं तर? नियम एवढ्याचसाठी तर असतो. हातातलं घड्याळ तिच्या आसवांनी चिंब झालं. पण ते पाण्यानं बिघडणारं नव्हतंच.

प्रयागबाईचे यजमान नानाजी निरोप द्यायला सायकलवर बसून मनोहररावांच्या कचेरीत गेले. मनोहरराव धंतोलीच्या डॉक्टरांना टांग्यात घालून घेऊन आले, तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की बायांनी न सांगता वाट दिली.

डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी कवडूचं पोट दाबलं, कान पाहिले, घसा पाहिला, आपलं खिशातलं घड्याळ काढून नाडी मोजली.

"शेवटचं केव्हा पाजलंत?"

"दहाला."

"मग आता?"

"अजून एक वाजायचा आहे ना," उत्तरा म्हणाली आणि तिनं आपलं घड्याळ पुढे केलं. तिच्या थरथरत्या हातात ते आज्ञाधारकपणे टिकटिकत होतं.

डॉक्टरांनी ते पाहिलं. मग आपलं तिच्यापुढे धरलं. त्यात चार वाजून गेले होते.

 उत्तरा या घड्याळाकडून त्या घड्याळाकडे पाहत राहिली.

"बाई, याला भूक लागलीय," डॉक्टर हलकेच म्हणाले. "याचं औषध माझ्या पेटीत नाही. चला हो मनोहरराव, आपण बाहेर बसू."

पुरुष बाहेर गेले. कवडू प्यायला, ते आवाज करत, ठसकत, मधे मधे हुंदका देत, आणि तेवढ्यातही एका हातानं आईचा पदर घट्ट धरून. तो हुंदका दूध पितानाही थांबत नव्हता. त्याची उत्तराला पुढे कितीतरी दिवस झोपेत आठवण यायची.

बाहेर डॉक्टर मनोहररावांना समजावून सांगत होते. "हाताला गचका बसतो, कधी इकडे, कधी तिकडे. म्हणून आतलं वजन फिरतं. झोक्याचं तसं नसतं. भरलेली बादली गोल फिरवली तर पाणी सांडतं का? संथ झोक्यात ते वजनही बाळासारखं गाढ झोपतं." मनोहरराव "हो, हो" म्हणत होते. थोड्या वेळानं ते आत आले, उत्तराजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "माह्या हातात बंद पडत होतं तेच बरं होतं. निदान मला एकट्यालाच उशीर होत होता." हे त्यांनी विनोद म्हणून म्हटलं होतं. ती रडायला लागली.

दिवेलागणीला रुखमाबाई आली. घरात यायच्या आधीच प्रयागबाईनं तिला कोपऱ्यावर गाठलं होतं. ओली पिशवी दारातच टाकून ती थेट पाळण्यापाशी गेली. झोपलेल्या कवडूच्या पोटावर हात ठेवला.

"दहापासून चारपर्यंत?"

उत्तरानं मान हलवली.

"पोटात थेंब नाही?"

"नाही."

रुखमाबाई खाली बसली. तिचा राग कसा असतो हे उत्तराला माहीत होतं. ती त्याची वाट पाहत होती, तो यावा असंही तिला वाटत होतं. पण रुखमाबाईनं कपाळावर हात मारून घेतला तो स्वतःच्या.

"मीच चुकली. मी सांगून जायले पायजे होतं."

"काय सांगून?"

"तू धुण्याले गेली का मी त्याले बोंडल्यानं दूध पाजत होती. वावडिंग टाकून उकळून. रोज. दोनदा, कधी तीनदा."

 एकेक दिवस उत्तराच्या डोळ्यासमोर आला. चौथ्या दिवशी गप्प झालेला कवडू. उपकार केल्यासारखा पिणारा कवडू. वाढलेलं वजन. वडिलांना कळवलेलं वळण.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुले इतकं बरं वाटून राहिलं होतं, घड्याळानं लेकरू गप राहते म्हनून. म्हटलं, वाटू दे माय. लेकराचं पोट बी भरते आन तुहं मन बी भरते. रामटेकले जाताना मनात आलतं सांगाव. मंग म्हटलं, एका दिवसानं का होते."

एका दिवसानं काय होतं ते पाळण्यात पडलं होतं, झोपेत अजून मधूनच हुंदका देत.

त्या रात्री उत्तरा जेवली नाही. कोणी आग्रह केला नाही, कारण कोणीच नीट जेवलं नव्हतं. घड्याळ कुठे गेलं हे कोणी विचारलं नाही. ते मनोहररावांच्या कोटाच्या खिशात होतं आणि तिथे ते आपोआप बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरानं मनाशी ठरवून टाकलं, की आता घड्याळ नाही आणि नर्सबाई नाहीत. तो रडला की उचलायचं. क्षणाचाही उशीर करायचा नाही. तिनं पहाटे कवडूला पोटभर पाजलं, पाळण्यात घातलं आणि पाळण्याच्या पायाशी कान देऊन बसली.

कवडू झोपला. झोपूनच राहिला. मनोहरराव जेवून कचेरीत गेले. ऊन आज निघालं होतं, ते तुळशीपर्यंत आलं. कवडू रडायचं नाव घेईना. तिनं नाकाशी बोट धरलं, श्वास होता. तिनं पाळणा जरा जास्तच हलवला. त्यानं झोपेत तोंड वाकडं केलं आणि पुन्हा सरळ केलं.

"आत्याबाई, हा रडत नाही."

"झोपला हाय वं."

"पण आता भूक लागायला पाहिजे होती. रडायला पाहिजे होता."

"काल रडून रडून थकला तो. आज झोपू दे."

हे रुखमाबाई सहज बोलून गेली, पण उत्तराचा बांध तिथेच फुटला. काल त्यानं इतका वेळ मागितलं आणि आपण दिलं नाही. आता तो मागायचंच सोडून देणार, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं. ती गुडघ्यात तोंड खुपसून रडू लागली. आधी हळू, मग आवाज काढून. मोठ्या माणसानं असं रडू नये हे तिला कळत होतं, पण आवाज थांबत नव्हता.

रुखमाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पाळण्यात वाकून पाहिलं. तिथे शांतता होती. मग तिनं सुनेकडे पाहिलं, परत आत गेली, आणि थाळी घेऊन आली. ज्वारीच्या दोन गरम भाकरी, वरण, वर तेलाची धार, कडेला कांदा. थाळी तिनं उत्तराच्या पुढ्यात ठेवली.

"खाय."

"मला भूक नाही," उत्तरा हुंदके देत म्हणाली.

"बरोबर हाय," रुखमाबाई म्हणाली. "अजून वेळ झाली नसन तुही."

आणि ती पाळण्याची दोरी हातात घेऊन भिंतीला टेकून बसली.

उत्तरानं नाक पुसलं. थोडा वेळ थाळीकडे पाहिलं. मग एक घास घेतला, तो हुंदक्यात अडकला; दुसरा नीट गेला. पहिली भाकर संपली तेव्हा तिला आपण किती वाईट आई आहोत हे स्पष्ट दिसत होतं. दुसरी अर्धी झाली, आणि आपण रडत कशाला होतो तेच तिला धड आठवेना.